घर-संसार : पोयीची नाव

दिवाळीच्या साफसफाईनंतर बडोद्याहून एका वाचक-भगिनींचे पत्र आले आहे. माळा आवरताना काय काय निघाले, याची यादीच त्यांनी पाठविली आहे : सरबताच्या व औषधांच्या मिळून अकरा काचेच्या बाटल्या, तीन सुती व दोन नायलॉनच्या साड्या, स्कूटरचा एक गुळगुळीत झालेला टायर आणि नव्या फ्रिजच्या खोक्यातून निघालेले थर्मोकोलचे मोठमोठे ठोकळे. ‘टाकवतही नाही आणि ठेववतही नाही, यातून काही कलात्मक करता येईल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय मराठी मासिकांना नवा नाही. अंड्याच्या टरफलांची बदके, बाटल्यांवर तैलरंगांत काढलेली कमळे, लग्नपत्रिकांच्या परड्या हे सारे आपण सर्वांनीच केले आहे. मीही हौसेने केले, आणि इतर जणींना शिकविले. परंतु खरे सांगायचे तर त्यांतली एकही वस्तू आज माझ्या घरी नाही. कमळे काढलेल्या बाटलीवर धूळ बसली, ती पुसताना रंगाचे पोपडे निघाले, आणि शेवटी ती ना बाटली म्हणून वापरता आली, ना भंगारवाल्याने घेतली. टाकाऊतून शोभेचे आणि शोभेच्यातून पुन्हा टाकाऊ, एवढाच तिचा प्रवास झाला. मध्ये रंगाचे पैसे तेवढे गेले. म्हणून या वेळी कलात्मकतेचा मुद्दा थोडा बाजूला ठेवून, यादीतल्या शेवटच्या वस्तूपासून, म्हणजे थर्मोकोलपासून सुरुवात करते. त्याविषयी आमच्या साखळीतली एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

साखळी हे उत्तर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, वाळवंटी नदीच्या काठचे गाव. शेजारीच कारापूर-विठ्ठलापुरात नदीकाठी विठ्ठलाचे मंदिर आहे. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरारीच्या रात्री, येथे नदीत नौका सोडण्याचा मोठा सोहळा असतो. त्रिपुरासुरवधाचा प्रसंग सादर होतो, आणि घरोघरी व वाड्यावाड्यांवर तयार झालेल्या, दिव्यांनी सजविलेल्या लहानमोठ्या नौकांची स्पर्धा लागते. कोणी गलबत करतो, कोणी मयूराकृती नौका, कोणी पाण्यावर तरंगणारे देऊळच उभे करतो. काळ्या पाण्यावर ते दिवे हलू लागले म्हणजे काठावरच्या गर्दीतून जो एक हुंकार उठतो, तो एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतोच.

काही वर्षांपूर्वी, सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी यायच्या आधी, आमच्या घरीही अशी नौका झाली. मुलगा तेव्हा आठवीत होता. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातले ठोकळे घरात होतेच, वर बाजारातून दोन ताव आणले. टाकून द्यायच्या वस्तूपासून नाव होते आहे, याचे मला कौतुकच वाटले होते. आठ दिवस ओसरीवर कापाकापी चालली. तीन शिडांचे गलबत झाले, त्याला कठडे झाले, खिडक्या झाल्या. पांढरा चुरा मात्र घरभर झाला. थर्मोकोलचे हे मणी मोठे लबाड. झाडू लागले की केरसुणीला चिकटतात, हाताला चिकटतात, आणि जरा वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा जिथल्या तिथे. मी ते सारे कपटे कसेबसे गोळा करून परसाच्या कोपऱ्यात, पाचोळ्याच्या ढिगावर लोटून दिले. पाचोळ्याबरोबर कुजतील, असा विचार केला होता असेही म्हणवत नाही. विचारच केला नव्हता. नौका छान दिसली. बक्षीस मिळाले नाही, पण पुष्कळांनी वाहवा केली. रात्री उशिरा ती प्रवाहाबरोबर वाकणापलीकडे गेली, आणि आम्ही घरी येऊन झोपलो.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना या पावसाची कल्पना केवळ आकड्याने यायची नाही. आषाढातल्या एका रात्री तो असा कोसळला की परसातले पाणी गुडघ्याएवढे चढले. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधून एक गटार जाते. त्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडावा म्हणून लोखंडी जाळी आहे. ती जाळी त्या रात्री तुंबली. आमच्या घराचे जोते उंच, शेजारच्या आजींचे ठेंगणे. पाणी त्यांच्या घरात शिरले. अर्धे पोते उकडे तांदूळ भिजले, आणि जमिनीवर अंथरलेली त्यांची वाकळ गटाराच्या पाण्यात न्हाऊन निघाली. सकाळी पाऊस ओसरल्यावर मी जाळी साफ करावयास गेले. आंब्याची पाने होती, काटक्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये घट्ट दाटून बसलेले, कुठे खिडकीच्या आकाराचे, कुठे कठड्याच्या आकाराचे, आमचेच पांढरे तुकडे होते. आठ महिने उन्हापावसात पडून त्यांचा रंगही फारसा बदलला नव्हता.

आजी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

वाकळ म्हणजे काय, हे मराठी घरांना सांगावयास नको. कोणी गोधडी म्हणते, कोणी दुलई. भिजलेली वाकळ मात्र किती जड होते, हे मला त्या दिवशी कळले. ती पिळायला आम्ही तिघी लागलो. ऊन नव्हते. चुलीच्या वर आडव्या बांबूवर ती पाच दिवस टांगली होती. एका बाजूची शिवण कुजकी होऊन उसवली होती, म्हणून ती नव्याने घालण्याचे काम मी मागून घेतले, आणि त्या निमित्ताने तिच्या पोटात पाहायला मिळाले. वरचा व खालचा पदर आजींच्या आईच्या नऊवारी लुगड्यांचा. कडेला सर्व बाजूंनी लुगड्यांचे काठ, कारण काठाची वीण घट्ट असते आणि अंथरूण नेहमी कडेलाच आधी झिजते. आत धोतरांचे विरविरीत तुकडे. त्यांना ताण सोसायचा नाही, केवळ ऊब धरावयाची आहे, म्हणून त्यांची जागा मध्ये. धावदोरा बाहेरच्या कडेपासून निघून चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत गेलेला, त्यामुळे आतला एकही तुकडा सरकत नाही की गोळा होत नाही. यात शोभेसाठी म्हणून काही केलेले नव्हते; आणि इतकी देखणी वस्तू मी कुठल्या प्रदर्शनात पाहिलेली नाही. बंगालची कांथा घ्या किंवा उत्तर कर्नाटकातली कौदी घ्या, ज्या बायांनी त्या केल्या त्यांना आधी थंडीच भागवावयाची होती.

बडोद्याच्या भगिनींच्या पाच साड्यांचे उत्तर या वाकळीतच आहे. तीन सुती साड्या धुवून धुवून मऊ झालेल्या असतील. त्यांचे एक हलके पांघरूण सुखाने होईल. नव्या कापडाची गोधडी पहिली दोन वर्षे अंगाला टोचते, जुन्याची पहिल्या रात्रीपासून आपली वाटते. नायलॉनच्या साड्या मात्र त्यात घालू नयेत. त्या घाम शोषत नाहीत आणि आतल्या आत सरकतात. नायलॉनच्या साड्यांच्या वेण्या घालून गोल पायपुसणे करावे, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी छापून येतो; तो ज्यांनी दिला त्यांनी त्या पायपुसण्यावर ओले पाय कधी पुसले नसावेत. पाणी शोषले जात नाही, नुसते इकडचे तिकडे होते, आणि गुळगुळीत फरशीवर ते सटकून घरातले वडीलधारे माणूस पडावयाचे. नायलॉनचा गुण वेगळा : ते चिवट असते, चटकन वाळते, भिजून कुजत नाही. म्हणून त्याच्या बाजारच्या पिशव्या शिवाव्यात. दीड हात रुंद कापड दुहेरी घ्यावे, बंद साडीच्या काठाचे करावेत आणि ते वरच्या कडेवर न थांबविता पिशवीच्या बुडाखालून फिरवून घ्यावेत. म्हणजे भार शिवणीवर न येता सबंध पट्टीवर येतो आणि पाच किलो तांदूळ बिनधोक येतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना देशात मनाई आहे. भाजीवाले त्या अजून देतात, हा भाग वेगळा. अशी एक पिशवी घडी घालून पर्समध्ये राहते. उरलेले कापड वाळवणांवर चिमण्या-कावळ्यांपासून आच्छादन म्हणून उत्तम. शेगडीजवळ मात्र नायलॉन आणू नये. ते जळण्यापेक्षा वितळते, आणि वितळलेले अंगाला चिकटते.

आता बाटल्या. काचेची बाटली ही मुळातच इतकी चांगली वस्तू आहे की तिचे दुसरे काही करण्याची गरजच नाही. आमच्याकडे मे महिन्यात कोकमाचे आगळ निघते, घरच्या खोबऱ्याचे तेल येते, कैरीचे सरबत होते, आणि ही सारी बेगमी परक्या लेबलांच्या बाटल्यांतून वर्षभर राहते. पाहुण्यांसमोर ठेवताना कधीकधी ओशाळे वाटते, कारण लेबल पुरते निघालेले नसते आणि गोव्यातल्या बाटल्यांची लेबले कसली असतात, ते सांगावयास नको! लेबल काढावयास बाटली कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर बुडवावी. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसून निघतो. निर्जंतुक करताना बाटली थंड पाण्यात ठेवून मग ते पाणी तापवावे. उकळत्या पाण्यात एकदम सोडली तर तडकते. औषधांच्या बाटल्या मात्र खाण्याच्या जिनसांसाठी वापरू नयेत, आणि फिनेल वगैरे ठेवलेली बाटली तर कधीच पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. रॉकेलमध्ये भिजविलेला दोरा बाटलीला गुंडाळून, पेटवून, ती कापून पेले करण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. मी ती करून पाहिली आहे. चार बाटल्यांत एक सरळ कापली गेली, आणि तिची धार घासता घासता बोट कापले गेले. अकरांपैकी ज्या नको असतील त्या सरळ भंगारवाल्याला द्याव्यात. काच वितळवून तिची पुन्हा काच होते, आणि तिचा दर्जा त्याने कमी होत नाही.

भगिनींच्या यादीत करवंटी नाही, पण मराठी घरात नारळ फुटतोच, म्हणून दोन शब्द. नारळाच्या दोन भकलांपैकी एकाला तीन डोळे असतात, दुसऱ्याला नसतात. बिनडोळ्याचे भकल डवल्यासाठी घ्यावे. फुटक्या काचेच्या कडेने ते बाहेरून खरवडले की केसर निघून जाते. मग वाळूने घासून खोबरेल लावावे, काळेभोर चकचकीत होते. काठाखाली समोरासमोर दोन भोके पाडून त्यांतून बांबूची कामटी आरपार घातली की डवला तयार. हल्लीच्या चिकट-न-लागणाऱ्या तव्या-कढयांना धातूचा चमचा चालत नाही. तेथे हा हवाच. डोळ्यांच्या भकलाचा गुण निराळा. तिघांतला एक डोळा मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो, आणि बाटलीत आगळ भरावयास नरसाळे मिळते. एकाच फळाची दोन भकले, दोघांना दोन कामे; हे कोणी बसून शोधून काढले असेल असे वाटत नाही, हाताळता हाताळता हाताला कळले असेल.

टायरविषयी थोडक्यात. टायरमध्ये माती भरून फुलझाडे लावलेली चित्रे दिसतात सुरेख. आमचा डिचोली तालुका लोहखनिजाच्या खाणींचा. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, त्याआधी टिपरांची एवढी वर्दळ असे की जुन्या टायरांना तोटा नव्हता, आणि अंगणोअंगणी असे ताटवे होते. टायरच्या आतल्या वळचणीत मात्र पाणी साचते, ते उपडा केला तरी पुरते निघत नाही, आणि डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला तेवढे पुरते. त्याची अंडी पाणी आटल्यावरही कित्येक महिने टिकून राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. तेव्हा टायर जेथे नवा घेतला त्या दुकानात परत द्यावा हे उत्तम. झोपाळा करावयाचाच असेल तर तळाला चार ठिकाणी मोठी भोके पाडूनच करावा.

टायरवरून सायकलची ट्यूब आठवली, आणि ट्यूबवरून अरविंद गुप्ता. मध्य प्रदेशातल्या आपल्या वाचकांपैकी काहींच्या मुलांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या शाळांत विज्ञान शिकले असेल. १९७२ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम २००२ पर्यंत चालला. (होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे.) कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले गुप्ता १९७८ च्या सुमारास नोकरीतून रजा घेऊन तेथे गेले. खेड्यांतल्या मुलांसाठी त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या केल्या. नळीचा इंचभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसली की तो सांधा होतो, आणि वाकणारा सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, ते मुलाला कोणी न सांगता बोटांना समजते. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथेही रबराचा ताण आणि काडीचा ताठरपणा, दोघांचे गुण ओळखून दोघांना काम दिलेले आहे. रंगवून, चमकी लावून त्यांना वेगळे काही बनविलेले नाही.

कोणी म्हणेल, मग चंदीगडचे रॉक गार्डन काय? नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या गोळा करून गुपचूप उभारलेले ते उद्यान १९७६ मध्ये लोकांना खुले झाले, आणि ते पाहून मन थक्क होते यात शंका नाही. पण नेकचंदांच्या हाताशी पाडून टाकलेल्या गावांचा राडारोडा होता, जंगलाचा तुकडा होता, आणि अठरा वर्षांची चिकाटी होती. दोन खोल्यांच्या सदनिकेत त्यांचे अनुकरण केले तर घरच्या माणसांना बसावयास जागा राहावयाची नाही.

आता त्या फ्रिजच्या थर्मोकोलचे काय करावे? १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्मोकोलही आहे. वस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून खोक्यात घातलेले मात्र अजून घरोघरी येते. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. एक घनमीटर ठोकळ्याचे वजन जेमतेम पंधरा-वीस किलो. भंगारवाला वजनावर पैसे देतो, म्हणून तो ते घेत नाही : हातगाडी भरून जाते आणि काटा हलत नाही. जाळावे तर काळा, घातक धूर होतो. कापावे तर मणी सुटतात, आणि ते पुढे कुठे जातात ते मी पाहिले आहे. म्हणून पहिली गोष्ट, त्याला सुरी लावू नये. आणि दुसरी, त्याच्या अंगची जी हवा भंगारवाल्याला नको असते, तीच आपण वापरावी. हवा उष्णता धरून ठेवते.

ज्या खोक्यातून ठोकळे आले त्याहून लहान, पण मजबूत असे एक पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. तळाशी एक ठोकळा, चारी बाजूंनी चार, असे न कापता बसवावेत. फटी राहतील त्यांत जुन्या कापडाच्या चिंध्या दाबाव्यात. मध्ये पातेले राहील एवढी जागा ठेवावी. तांदूळ नेहमीप्रमाणे धुवून, पाणी घालून, खळखळून उकळी आली की मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावा. मग घट्ट झाकण लावून पातेले दोन जुन्या सुती पंचांत गुंडाळावे आणि खोक्यात ठेवून वरून एक ठोकळा व एक उशी दाबावी. पाऊण तासाने भात झालेला असतो, आणि दुपारपर्यंत गरम राहतो. भिजविलेली तुरीची डाळ दहा मिनिटे उकळून ठेवली तर दीड-दोन तासांत मऊ होते. पंचे गुंडाळण्याचा आळस करू नये, कारण उकळत्या भांड्याचा थेट स्पर्श झाला तर थर्मोकोल आक्रसतो. राजमा मात्र या पेटीत शिजवू नये. त्यातले विषारी द्रव्य जाण्यासाठी त्याला नीट उकळी द्यावीच लागते. माळव्यात व गुजरातेत पौषात दही लागत नाही, इडलीचे पीठ वर येत नाही, अशी तक्रार असते. विरजण लावलेले भांडे या पेटीत ठेवून पाहावे. उन्हाळ्यात हीच पेटी प्रवासात बर्फ नेईल. आमची पेटी आता तिसऱ्या वर्षात आहे, आणि तिच्यावर अद्याप एकही फूल काढलेले नाही.

वाकळ भिजल्यानंतरच्या कार्तिकात मुलाने नौकेचा विषय काढला तो चाचरतच. आजी ओसरीवर उंबरठ्याशी सुपारी कातरीत बसल्या होत्या. “यंदा कशाची रे नाव, पुता?” त्यांनी विचारले. तो गप्पच. त्या उठल्या, माडांच्या बुंध्यांशी गेल्या आणि एक वाळलेली पोय ओढीत घेऊन आल्या. पोय म्हणजे नारळाच्या फुलोऱ्यावरचे आवरण. फुलोरा उमलताना ते उकलते आणि वाळून खाली पडते. हात-दीड हात लांब, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये खोलगट. माडाने नावच करून टाकलेली असते. आमच्या परसात वर्षाला पन्नास पडतात, आणि मी ती ओलांडून थर्मोकोल आणावयास बाजारात गेले होते.

पोयीची अडचण एवढीच, की तिचे बूड गोल, म्हणून ती पाण्यात कलंडते. आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांना बाजूला उलांडी असते, तशी तिला केली : दोन्ही बाजूंना नारळाच्या सोडणाची अर्धी भकले बांबूच्या कामट्यांनी बांधली. सोडणात काथ्याच्या धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे ते बुडत नाही. टोकांच्या चिरा दिवाळीतल्या मेणबत्त्यांचे बुडखे वितळवून बुजविल्या. पूर्वी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावीत, पण ते बिब्ब्यासारखे कातडी भाजते, मुलांच्या हाती देण्यासारखे नाही. वर लहानसे देऊळ केले ते रद्दीच्या लगद्याचे. कागद दोन दिवस भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी घालून आपल्या आज्या टोपल्या लिंपीत, तोच लगदा. मेथीमुळे तो घट्ट बसतो आणि कीड लागत नाही. पोयीच्या तळाशी भार म्हणून मूठभर वाळू, वाळूत डिचोलीच्या कुंभारांच्या पाच पणत्या. आणि मागच्या टोकाला सुंभ बांधला, चांगला वीस वाव लांब. हे सुंभ बांधणे मुलाला पसंत नव्हते. दोरी बांधलेली नाव खरी नाव कशी, असे त्याचे म्हणणे. त्यावर आजींनी काही वाद घातला नाही, गाठ मात्र स्वतः मारली.

त्या रात्री मोठमोठ्या नौकांच्या झगमगाटात आमची पोय कोणाच्या नजरेतही भरली नसेल. ती प्रवाहात गेली, थोडी हेलकावली, उलांडीने तिला सावरले. पाचांपैकी तीन पणत्या शेवटपर्यंत राहिल्या. मुलाने सुंभ हळूहळू सोडला, संपल्यावर धरून ठेवला, आणि गर्दी पांगू लागल्यावर ओढून नाव परत आणली.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर ठेवून द्यावी, असा त्याचा हट्ट होता. आजींनी पणत्या काढून फडताळात ठेवल्या, वाळू अंगणात टाकली, सुंभ सोडवून विळखा करून खुंटीला अडकविला, कागदाचे देऊळ त्याच्या हातात दिले. “माड आणखी देईल, पुता,” त्या म्हणाल्या, आणि पोय गुडघ्यावर मोडून न्हाणीच्या चुलीत सारली. सोडणे अजून ओली होती. ती चुलीच्या कडेला सुकत ठेवली.